प्लेबुक हिरवं, स्क्रीन काळी: लॅबमध्ये अधूनमधून शुक्रवारी एक्सऑर्ग सुरू न होण्यावर उपाय

पुण्याच्या बऱ्याच भागांत देखभालीसाठी वीज बंद ठेवायची असली की ती गुरुवारी ठेवतात. त्यामुळे कॉलेजच्या कम्प्युटर लॅबमध्ये एक ठरलेला प्रकार दिसतो. आठवडाभर चालू असलेली मशिनं गुरुवारी एकदम बंद होतात. शुक्रवारी सकाळी मामा मेन स्विच वर करतात आणि पहिल्या प्रॅक्टिकलला मुलं येऊन बसतात, तेव्हा काही मशिनांवर लॉगिनची खिडकी आलेलीच नसते. काळी स्क्रीन आणि कोपऱ्यात लुकलुकणारा कर्सर, फार तर अक्षरी लॉगिन. स्क्रीनवर खिडक्या दाखवणारं एक्सऑर्ग उभंच राहिलेलं नसतं. नेटवर्क मात्र ठीक असतं आणि दुसऱ्या मशीनवरून एसएसएचने आत जाता येतं. म्हणून आपण अँसिबलचं (सगळ्या मशिनांवर एकसारखी मांडणी पाठवणाऱ्या साधनाचं) प्लेबुक, म्हणजे कामांची यादी, पुन्हा चालवतो. शेवटी एकही लाल ओळ नाही. मग मशीन रीस्टार्ट करतो, स्क्रीन येते, रजिस्टरमध्ये ‘रीस्टार्ट केल्यावर ठीक’ अशी नोंद होते. काही आठवड्यांनी पुन्हा एका शुक्रवारी तेच.

इथली मांडणी अशी धरली आहे: डेबियन १२ (लिनक्सचं एक वितरण), एक्सएफसीई डेस्कटॉप, लॉगिनसाठी लाइटडीएम, काही मशिनांत एनव्हीडियाचं कार्ड, बाकीच्यांत इंटेलचं ग्राफिक्स. रात्री अपडेट आणि बॅकअप चालतात म्हणून मशिनं एरवी बंद करत नाहीत. सगळं कॉन्फिगरेशन अँसिबलने जातं. पपेट किंवा सॉल्ट वापरत असाल तर शब्द बदलतील, कारणं हीच राहतील.

माझं म्हणणं पुढच्या सगळ्या मजकुरातून येईलच, पण आधीच सांगतो. प्लेबुक फाइल तपासतं, पॅकेज तपासतं, सर्व्हिस तपासतं. स्क्रीनवर चित्र आलं का, हे आपण विचारल्याशिवाय ते तपासत नाही. आणि पुढच्या बूटला येईल का, हे तर मुद्दाम विचारावं लागतं.

रीस्टार्ट करण्याआधी लॉग उचला

अशा सकाळी हात आधी पॉवरच्या बटणाकडे जातो. तो आवरा. एक्सऑर्ग सुरू होताना आधीच्या लॉगच्या नावापुढे ‘ओल्ड’ लावून तो बाजूला ठेवतं आणि नवा लिहायला घेतं. म्हणजे मागचा एकच लॉग शिल्लक राहतो. दोनदा रीस्टार्ट केलं की बिघाडाचा पुरावा गेला. लॉग ‘व्हार’मधल्या ‘लॉग’ फोल्डरात ‘एक्सऑर्ग डॉट ० डॉट लॉग’ या नावाने असतो. लाइटडीएमऐवजी जीडीएम (गनोम डेस्कटॉपचा लॉगिन मॅनेजर) वापरत असाल आणि एक्सऑर्ग रूटच्या हक्काशिवाय चालत असेल, तर तो युजरच्या होम फोल्डरातल्या लपलेल्या ‘लोकल’ फोल्डराखाली सापडतो.

लॉगची तारीख सगळ्यात आधी बघा. ती मागच्या आठवड्यातली असेल तर आज एक्सऑर्ग सुरूच झालेलं नाही. दोष लॉगिन मॅनेजरच्या पातळीवर आहे आणि ड्रायव्हर शोधत बसण्यात अर्थ नाही. तारीख आजची असेल तर ओळींच्या सुरुवातीची चिन्हं वाचा. कंसात दोन ई म्हणजे चूक, दोन डब्ल्यू म्हणजे इशारा. दोन चांदण्या असतील तर ती गोष्ट कॉन्फिगरेशन फाइलमधून आली आहे, दोन बरोबरची चिन्हं असतील तर ती डिफॉल्ट आहे. आपण टेम्प्लेटमधून, म्हणजे प्लेबुकमधल्या साच्यातून, पाठवलेली फाइल एक्सऑर्गने खरोखर वाचली का, हे या चांदण्यांवरून कळतं. बरेच जण फक्त ई शोधतात आणि ही माहिती सोडून देतात.

शेवटची ओळ बहुतेक वेळा ‘नो स्क्रीन्स फाउंड’ अशी असते. इंटरनेटवर तीच ओळ टाकून शोधू नका. ती निकाल सांगते, कारण सांगत नाही. कारण तिच्या वरच्या काही ओळींत असतं. ‘एनव्हीडियाचं कर्नल मॉड्यूल सुरू करता आलं नाही’ अशा अर्थाची ओळ असेल तर पुढचा भाग वाचा. ‘नो डिव्हायसेस डिटेक्टेड’ असेल तर त्याच्या पुढचा.

मूळ दुखणं: चालू कर्नलचे हेडर्स

एनव्हीडियाच्या ड्रायव्हरचे दोन भाग असतात. एक एक्सऑर्गमध्ये बसतो, दुसरा कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, मॉड्यूल म्हणून. डेबियनवर हे मॉड्यूल तयार मिळत नाही. प्रत्येक मशीनवर, प्रत्येक कर्नलसाठी डीकेएमएस हे साधन ते तिथल्या तिथे बांधतं आणि त्यासाठी त्याच कर्नलचे हेडर्स (मॉड्यूल बांधायला लागणाऱ्या फाइली) लागतात. इंटेलचं मॉड्यूल कर्नलच्या पॅकेजमध्येच येतं. लॅबमधली काहीच मशिनं अडतात, सगळी नाही, त्याचं कारण हेच.

आता तुमच्या प्लेबुकमध्ये हेडर्स बसवणारी ओळ शोधा. बहुतेक ठिकाणी ती अशी असते: पॅकेजचं नाव ‘लिनक्स-हेडर्स’ आणि त्याला जोडून ‘अँसिबल-कर्नल’ हा फॅक्ट (अँसिबलने मशीनकडून विचारून घेतलेली माहिती). ओळ वाचायला बरोबर वाटते, पहिल्या दिवशी नीट चालते, कित्येक ट्युटोरियलमध्ये तशीच आहे. पण हा फॅक्ट म्हणजे त्या क्षणी चालू असलेला कर्नल. पुढच्या बूटला जो येणार तो नव्हे.

क्रम असा घडतो. समजा मशीन ६.१.०-२० वर चालू आहे. सोमवारी रात्री अनअटेंडेड-अपग्रेड्स (आपोआप अपडेट करणारं पॅकेज) सुरक्षा अपडेट म्हणून ६.१.०-२१ बसवतं. डेबियनमध्ये कर्नलच्या पॅकेजबरोबर हेडर्स आपोआप येत नाहीत. आपण फक्त २० चे बसवलेले असतात. डीकेएमएसला २१ साठी मॉड्यूल बांधता येत नाही आणि याची दखल कोणी घेत नाही, कारण मशीन अजून २० वर मजेत चालू आहे. गुरुवारी वीज जाते. शुक्रवारी मशीन २१ वर उठतं. मॉड्यूल नाही. नूव्हो हा एनव्हीडियाच्या कार्डांसाठीचा मुक्त ड्रायव्हर आपणच बंद करून ठेवलेला. कॉन्फिगरेशनमध्ये ड्रायव्हर म्हणून एनव्हीडियाचं नाव ठोकून लिहिलेलं. एक्सऑर्गला दुसरी वाटच उरत नाही.

मग आपण प्लेबुक चालवतो. आता चालू कर्नल २१ आहे, म्हणून २१ चे हेडर्स बसतात, डीकेएमएस लगेच मॉड्यूल बांधून ठेवतं. तो एक टास्क पिवळा होतो, बाकी हिरवं. पण मॉड्यूल लोड झालेलं नसतं आणि लाइटडीएमही पुन्हा सुरू झालेलं नसतं, म्हणून स्क्रीन काळीच राहते. रीस्टार्ट केल्यावर येते. म्हणजे स्क्रीन आणली हेडर्सनी, श्रेय गेलं रीस्टार्टला. पुढचा कर्नल येईपर्यंत सगळं शांत आणि मग पुन्हा तोच शुक्रवार.

उपाय एका ओळीचा आहे. आवृत्ती असलेल्या नावाऐवजी ‘लिनक्स-हेडर्स-एएमडी६४’ हे मेटापॅकेज (स्वतः रिकामं, पण नेहमी नवी आवृत्ती ओढून आणणारं) बसवा. कर्नलचं मेटापॅकेज नव्या आवृत्तीकडे सरकलं की हेही त्याच्याबरोबर सरकतं. दोन्ही मेटापॅकेजं प्लेबुकच्या एकाच टास्कमध्ये, शेजारी शेजारी लिहा, म्हणजे सहा महिन्यांनी वाचणाऱ्याला दोघांचा संबंध कळेल.

एवढ्याने बहुतेक शुक्रवार सुटतात, पण सगळे नाही. हेडर्स असूनही मॉड्यूल बांधलं जाणार नाही असं होऊ शकतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये डेबियन १२.५ आलं तेव्हा नेमकं हेच झालं. नवा ६.१ मालिकेतलाच कर्नल होता, पण एनव्हीडियाचा ५२५ मालिकेतला ड्रायव्हर त्यावर बांधला जाईना. सुधारित पॅकेज येईपर्यंत जुन्या कर्नलवर थांबणं हाच मार्ग होता. म्हणून प्लेबुकमध्ये एक तपासणी घाला. रूट फोल्डरात ‘व्हीएमलिनझ’ नावाची लिंक असते, ती सगळ्यात नव्या कर्नलकडे बोट दाखवते. तिच्यावरून आवृत्ती काढा आणि ‘डीकेएमएस स्टेटस’च्या उत्तरात त्या आवृत्तीच्या ओळीवर ‘इन्स्टॉल्ड’ हा शब्द आहे का बघा. नसेल तर टास्क सरळ फेल करा. संदेशात मशीनचं नाव, कर्नल आणि ड्रायव्हरची आवृत्ती येऊ द्या. बुधवारी संध्याकाळी लाल ओळ दिसणं हे शुक्रवारी साडेआठला काळी स्क्रीन दिसण्यापेक्षा शंभर पटीने बरं.

एनव्हीडिया असलेल्या मशिनांवर मी आणखी एक पाऊल पुढे जाईन. अनअटेंडेड-अपग्रेड्सच्या ब्लॅकलिस्टमध्ये कर्नलची पॅकेजं टाकावीत आणि कर्नल, हेडर्स, ड्रायव्हर हे तिन्ही प्लेबुकनेच बुधवारी एकत्र वर न्यावेत. आधी एका मशीनवर, तिथे ‘रीबूट’ मॉड्यूलने खरोखर रीस्टार्ट करून, आणि ते नीट उठलं तरच बाकीच्यांवर. यात सुरक्षा अपडेट काही दिवस उशिरा पोचतं. लॅबच्या बंदिस्त नेटवर्कवर तेवढा उशीर मला चालण्यासारखा वाटतो. बाहेरून थेट पोचता येणाऱ्या मशीनवर चालणार नाही.

आणि एक प्रश्न स्वतःला विचारा: या लॅबमध्ये एनव्हीडियाचा ड्रायव्हर खरंच लागतो का? मशीन लर्निंगचं प्रॅक्टिकल असेल तर लागतो. सी आणि जावा शिकवायला लागत नाही. तिथे नूव्होवर राहिलात तर हा सगळा भाग तुमच्यासाठी संपला.

सिक्युअर बूट (फक्त ओळखीची सही असलेला कोड चालू देणारी सोय) चालू असेल तर मॉड्यूल बांधलं जाऊनही लोड होत नाही. कर्नल ‘की वॉज रिजेक्टेड’ म्हणतो. डीकेएमएसची चावी बूटच्या सुरुवातीला चालणाऱ्या ‘शिम’ला ओळखीची करून द्यावी लागते आणि तिचा शेवटचा टप्पा बूट होताना येणाऱ्या निळ्या स्क्रीनवर, समोर बसून, पासवर्ड टाकूनच पुरा होतो. तो एसएसएचवरून होत नाही, आणि होऊ नये यासाठीच तो तसा बनवलेला आहे. मशीन पहिल्यांदा बसवताना हे काम हाताने उरकून घ्या.

कार्डाचा पत्ता: सोळाचा आकडा आणि दहाचा आकडा

हा दोष लपून बसतो, म्हणून जरा सविस्तर.

इंटेल आणि एनव्हीडिया दोन्ही असलेल्या मशीनवर कोणतं कार्ड वापरायचं हे सांगायला कॉन्फिगरेशनमध्ये ‘बसआयडी’ लिहितात. पत्ता काढायला आपण एलएसपीसीआय ही कमांड चालवतो. ते बस क्रमांक सोळाच्या पद्धतीत दाखवतं. एक्सऑर्गच्या ‘बसआयडी’ला तो दहाच्या पद्धतीत लागतो. एलएसपीसीआयने ‘०१:००.०’ दाखवलं तर ‘पीसीआय:१:०:०’ लिहायचं, इथे फरक पडत नाही. ‘०ए:००.०’ दाखवलं तर ‘पीसीआय:१०:०:०’ लिहायचं. इथे निदान अक्षर दिसल्याने माणूस थबकतो. खरा घात ‘१०:००.०’मध्ये आहे. दिसतो दहा, आहे सोळा. लिहायला हवं ‘पीसीआय:१६:०:०’. दहा लिहिलं की एक्सऑर्गला त्या पत्त्यावर कोणी सापडत नाही आणि ते ‘नो डिव्हायसेस डिटेक्टेड’ म्हणून थांबतं.

नऊपर्यंतचे आकडे दोन्ही पद्धतींत सारखेच, त्यामुळे टेम्प्लेट बहुतेक मशिनांवर बरोबर चालतं आणि दोनचार मशिनांवरच अडतं. मग त्या मशिनांवर ‘कार्ड खराब’ असा शिक्का बसतो. शिवाय बस क्रमांक कायमचा नसतो. एखाद्या मशीनमध्ये नवी एनव्हीएमई डिस्क किंवा वेगळं कार्ड बसवलं की क्रमांक सरकू शकतो. म्हणून इन्व्हेंटरीत, म्हणजे अँसिबलच्या मशिनांच्या यादीत, हाताने लिहिलेला पत्ता कधी ना कधी शिळा होणारच.

पत्ता लिहावाच लागत असेल तर तो दर वेळी मशीनकडूनच विचारून घ्या आणि जिंजामध्ये (टेम्प्लेटच्या भाषेत) ‘इंट’ या फिल्टरला पाया १६ देऊन बदला. पण त्याहून चांगला सल्ला हा की पत्ता लिहूच नका. एक्सऑर्ग २०१० च्या १.८ आवृत्तीपासून एका मोठ्या फाइलऐवजी फोल्डरातले लहान तुकडे वाचतं, आणि २०१४ च्या १.१६ आवृत्तीपासून ‘आउटपुटक्लास’ नावाचा विभाग मिळाला आहे. त्यात ‘कर्नलचा ड्रायव्हर अमुक असेल तर एक्सऑर्गचा ड्रायव्हर तमुक’ एवढंच सांगता येतं. पत्ता नाही, मशीनचं नाव नाही. तोच तुकडा सगळ्या लॅबला पाठवला तरी ज्याला लागू होतो त्याच मशीनवर लागू होतो. मॉड्यूल नसेल तर अटच जुळत नाही, आणि एक्सऑर्ग दुसरा ड्रायव्हर वापरून बघायला मोकळं राहतं. एनव्हीडियाचं नाव ठोकून लिहिलेल्या ‘डिव्हाइस’ विभागात ही मोकळीक नसते.

जुन्या पोस्टमध्ये दिसणारी शंभर ओळींची पूर्ण ‘एक्सऑर्ग डॉट कॉन्फ’ फाइल आज कुणालाच नको. ‘एक्सऑर्ग -कॉन्फिगर’ने तशी फाइल एका मशीनवर बनवून बाकी सगळ्यांवर पाठवणं तर नकोच. ती फाइल त्या एका मशीनचं वर्णन असते. तुकड्यांच्या फोल्डरात फाइलचं नाव ‘डॉट कॉन्फ’नेच संपलं पाहिजे, नाहीतर ती वाचली जात नाही. अँसिबलच्या ‘बॅकअप’ पर्यायाने ठेवलेल्या जुन्या प्रती नेमक्या याच कारणाने निरुपद्रवी राहतात. पण हाताने ‘जुनी डॉट कॉन्फ’ असं नाव देऊन ठेवलेली प्रत वाचली जाते. फोल्डरात जाऊन अशी पाहुणी फाइल कोणी सोडली आहे का, ते बघून या.

हरवलेला हँडलर

टेम्प्लेट बदललं की हँडलरला (बदलाचा निरोप आला तरच चालणाऱ्या टास्कला) निरोप जातो आणि हँडलर लाइटडीएम पुन्हा सुरू करतो. अशी आपली कल्पना. पण हँडलर प्लेच्या शेवटी चालतात. टेम्प्लेट बदलून झालं, निरोप गेला, आणि पुढच्याच एखाद्या टास्कवर ते मशीन फेल झालं, समजा मिरर सर्व्हरवरून (पॅकेजांच्या प्रती ठेवणाऱ्या) पॅकेज उतरलं नाही, तर त्या मशीनवर हँडलर चालतच नाही. तुम्ही पॅकेजची अडचण दूर करून प्लेबुक पुन्हा चालवता. टेम्प्लेटची फाइल आता जागेवर आहे, बदल शून्य, म्हणून निरोपही नाही. सगळं हिरवं. एक्सऑर्ग मात्र जुन्याच कॉन्फिगरेशनवर चालू आहे, आणि नवं लागू होतं ते थेट पुढच्या वीज जाण्यानंतर. म्हणजे मंगळवारी लिहिलेली चूक शुक्रवारी दिसते आणि दोघांचा संबंध कुणाच्या लक्षात येत नाही.

‘फोर्स हँडलर्स’ चालू केल्याने टास्क फेल झाल्यावरही हँडलर चालतो. ते चालू कराच. पण मधेच मशीनचा संपर्क तुटला तर तेही उपयोगी पडत नाही. माझ्या मते निरोपावर विसंबण्यापेक्षा स्थिती तपासणं खात्रीचं आहे. लाइटडीएम कधी सुरू झालं ती वेळ ‘सिस्टमसीटीएल शो’ देतं, युनिक्स वेळेच्या आकड्यातही देतं. कॉन्फिगरेशनच्या तुकड्यांची बदलाची वेळ ‘स्टॅट’ मॉड्यूल देतं. एकही तुकडा लाइटडीएमपेक्षा नवा असेल तर पुन्हा सुरू करणं बाकी आहे. ही तुलना कितीही वेळा चालवा, मधे काहीही तुटू द्या, उत्तर बरोबरच येतं.

आता सावधगिरी. लाइटडीएम पुन्हा सुरू करणं म्हणजे समोर बसलेल्याचं सेशन मारणं. न सेव्ह केलेलं सगळं जातं. प्रॅक्टिकल परीक्षा चालू असताना हे झालं तर त्या मुलाचं जे नुकसान होईल त्याला भरपाई नाही. म्हणून आधी कोण लॉगिन आहे हे ‘लॉगिनसीटीएल’ या कमांडला विचारा. इथे एक खाच आहे. नुसती सेशन मोजलीत तर संख्या कधीच शून्य येणार नाही, कारण अँसिबलचं स्वतःचं एसएसएच सेशन त्यात असतं आणि लॉगिनच्या खिडकीचंही. ‘सीट०’वरची (समोरच्या स्क्रीन-कीबोर्डवरची) सगळी सेशन काढा आणि प्रत्येकाचा ‘क्लास’ बघा. फक्त ‘ग्रीटर’, म्हणजे लॉगिनची खिडकी, असेल तर समोर कोणी लॉगिन केलेलं नाही, खुशाल पुन्हा सुरू करा. एकही ‘युजर’ असेल तर, स्क्रीन लॉक केलेली असली तरी, हात लावू नका. वेळेची तुलना पुढच्या फेरीत ते काम पुन्हा समोर आणेलच.

लॉगची तारीख जुनी असेल तर

दोन लॉगिन मॅनेजर बसले आहेत का बघा. कुणीतरी गनोमचं एखादं मोठं पॅकेज बसवतं, त्याच्या मागून जीडीएम येतं. डेबियनमध्ये कोणता मॅनेजर चालवायचा हे दोन ठिकाणी लिहिलेलं असतं: सिस्टमडीची (सर्व्हिस सुरू-बंद करणाऱ्या व्यवस्थेची) ‘डिस्प्ले-मॅनेजर’ ही लिंक, आणि ‘ईटीसी’तल्या ‘एक्स११’ फोल्डरातली ‘डिफॉल्ट-डिस्प्ले-मॅनेजर’ ही फाइल. लाइटडीएम सुरू होण्याआधी या फाइलमध्ये आपलंच नाव आहे का ते तपासतं आणि नसेल तर सुरूच होत नाही. प्लेबुकने फक्त सर्व्हिस ‘एनेबल’ केली असेल तर लिंक एक सांगते, फाइल दुसरं. ‘डेबकॉन्फ’ मॉड्यूलने उत्तर आधीच भरून ठेवा, फाइलमधला मजकूरही ठरवून द्या, आणि नको असलेला मॅनेजर काढून टाका.

गनोमच ठेवायचं असेल तर लक्षात घ्या की जीडीएम साधारणपणे वेलँड (एक्सऑर्गच्या जागी आलेली नवी पद्धत) सेशन देतं आणि वेलँड एक्सऑर्गचे तुकडे वाचत नाही. ‘फाइल बरोबर आहे, परिणाम शून्य’ अशी तक्रार असेल तर आधी सेशनचा प्रकार विचारा. एक्सऑर्गच हवं असेल तर जीडीएमच्या फाइलमध्ये ‘वेलँडएनेबल’ला ‘फॉल्स’ द्यावं लागतं. ती फाइल डेबियनमध्ये ‘डेमन डॉट कॉन्फ’ आहे, उबुंटूत ‘कस्टम डॉट कॉन्फ’. दोन्ही वितरणं एकाच लॅबमध्ये असतील तर टेम्प्लेटचं ठिकाण व्हेरिएबलमध्ये ठेवा. रेड हॅटच्या एंटरप्राइझ लिनक्स १० मध्ये तर एक्सऑर्गचा सर्व्हर दिलेलाच नाही. नवी लॅब उभारताना हे ध्यानात असू द्या.

स्क्रीन येते, पण १०२४ बाय ७६८

याचंही गुरुवारशी नातं आहे. मॉनिटर आपला प्रकार आणि रिझोल्यूशन ईडीआयडी नावाच्या १२८ बाइटच्या तुकड्यातून सांगतो, काही मॉनिटर त्याला जोडून आणखी तुकडे देतात. तपकीर गल्लीत सहज मिळणारे स्वस्त एचडीएमआय ते व्हीजीए कन्व्हर्टर किंवा दोन मशिनांना एक मॉनिटर जोडणारे स्विच हा तुकडा पुढे पोचवतीलच असं नाही. वीज आल्यावर मशीन आधी उठलं आणि मॉनिटर अजून बंद असेल, तरीही हेच होऊ शकतं.

तपासायला ‘सिस’ फोल्डरातल्या ‘क्लास’मधल्या ‘डीआरएम’खाली प्रत्येक जोडणीची ‘ईडीआयडी’ फाइल वाचा. अँसिबलच्या ‘स्टॅट’ मॉड्यूलला तिचा आकार विचारू नका. तिथे ईडीआयडी असो वा नसो, आकार शून्यच येतो. फाइल प्रत्यक्ष वाचून बाइट मोजा. खरोखर शून्य आले तर तुकडा पोचलेला नाही.

शक्य असेल तिथे कन्व्हर्टर काढून सरळ केबल लावा. नसेल तर त्याच मॉडेलच्या चांगल्या जोडणीवरून ईडीआयडी उतरवून फर्मवेअरच्या फोल्डरात ठेवा आणि ‘डीआरएम डॉट ईडीआयडी-फर्मवेअर’ या कर्नल पॅरामीटरने तो वाचायला लावा. ग्राफिक्सचं मॉड्यूल इनिटरॅमएफएसमधूनच (बूटच्या सुरुवातीच्या तात्पुरत्या फाइल सिस्टममधूनच) लोड होत असेल तर ती फाइल तिथेही जायला हवी. एनव्हीडियाच्या ड्रायव्हरला यासाठी त्याचा स्वतःचा ‘कस्टमईडीआयडी’ पर्याय द्यावा लागतो.

एक्सऑर्गच्या तुकड्यात ‘मॉनिटर’ विभाग लिहिणार असाल तर जोडणीच्या नावाने फसाल. तीच भौतिक जोडणी कर्नलला ‘एचडीएमआय-ए-१’ असते, मोडसेटिंग ड्रायव्हरला ‘एचडीएमआय-१’, जुन्या इंटेल ड्रायव्हरला ‘एचडीएमआय१’ आणि एनव्हीडियाला ‘एचडीएमआय-०’. नाव जुळलं नाही तर एक्सऑर्ग तक्रार करत नाही, तो विभाग सोडून देतं. ड्रायव्हर बदलल्यावर रिझोल्यूशन बिघडलं तर आधी हे नाव बघा.

एक्सरँडआर (जोडण्या आणि रिझोल्यूशन दाखवणारी कमांड) एसएसएचवरून चालवलं की ‘कान्ट ओपन डिस्प्ले’ म्हणतं. दोन व्हेरिएबल लागतात: ‘डिस्प्ले’ला ‘:०’, आणि ‘एक्सऑथॉरिटी’ला लाइटडीएमची परवाना फाइल. ती ‘व्हार’मधल्या ‘रन’, त्यातल्या ‘लाइटडीएम’, त्यातल्या ‘रूट’ फोल्डरात ‘:०’ याच नावाने असते. रूट म्हणून हे दोन्ही दिलेत की लॉगिनच्या खिडकीवरही एक्सरँडआर उत्तर देतं. प्लेबुकचा शेवटचा टास्क हाच ठेवा. उत्तर आलं, त्यात निदान एक जोडणी ‘कनेक्टेड’ आहे, आणि चालू रिझोल्यूशनची चांदणी अपेक्षित आकड्यावर आहे. हे तिन्ही जुळलं तरच मशीन पास.

मराठी कीबोर्ड

शेवटी एक छोटी पण रोजची तक्रार. इंग्रजी आणि मराठी इन्स्क्रिप्ट अशा दोन मांडण्या द्यायच्या असतील तर डेबियनमध्ये ‘ईटीसी’तल्या ‘डिफॉल्ट’ फोल्डरातल्या ‘कीबोर्ड’ फाइलमध्ये लेआउटची आणि व्हेरिएंटची अशा दोन याद्या असतात. त्या क्रमाने जुळतात. इंग्रजीला व्हेरिएंट नाही, म्हणून व्हेरिएंटची यादी स्वल्पविरामाने सुरू झाली पाहिजे. टेम्प्लेटमध्ये रिकामे घटक गाळणारा फिल्टर असेल तर तो स्वल्पविराम गळतो, मराठीचा व्हेरिएंट अमेरिकन इंग्रजीला चिकटतो, तिथे तो सापडत नाही, आणि मांडणी तयारच होत नाही. फाइल बदलल्यावर ‘युडेव्ह-एडीएम ट्रिगर’ इनपुट उपकरणांवर ‘चेंज’ देऊन चालवा म्हणजे एक्सऑर्गला बदल कळतो. गनोममध्ये मात्र ही फाइल पुरत नाही, तिथे युजरची डीकॉन्फमधली (गनोमच्या सेटिंगच्या साठ्यातली) सेटिंग वरचढ ठरते, म्हणून दोन्ही मांडण्या डीकॉन्फच्या सिस्टम पातळीवरच्या डिफॉल्टमध्येही लिहून ठेवा.